टाकीखालचं तापमान

गल्लीत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. समोरच्या न्हाव्यापासून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, कलमबाई. दुकानाची पाटी सांगायची, 'रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करून मिळतील'. पण बाई हाताला लागेल ते दुरुस्त करायला बघायची, माणसंसुद्धा. दारात कोणी आडवी स्कूटर लावली की हातातली पक्कड तशीच घेऊन बाहेर यायची आणि कलम सांगायची. पोस्टाची खिडकी पाच मिनिटं आधी बंद झाली की काचेवर टकटक करून कलम सांगायची. शाळा आठवीत सुटली होती. पुढचं शिक्षण वाचनालयातल्या त्या कपाटापाशी झालं, ज्याकडे दुसरं कोणी फिरकत नसे. त्यात नियमावल्या आणि अहवाल होते. लोक कादंबरी वाचतात तशी ती नियमावली वाचायची, आणि शेवटचं पान आधी, कारण शिक्षा तिथे लिहिलेली असते.

रेडिओचं काम ती वडिलांच्या शेजारी बसून शिकली. रेडिओ दुरुस्त झाला की लावून बघायला एखादं स्टेशन लागतं, आणि शहरातल्या केंद्राचा आवाज सगळ्यात खणखणीत यायचा. त्यामुळे तिच्या दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक रेडिओ त्याच केंद्रावर लावलेला असायचा. गिऱ्हाईक घरी जायचं, बटण दाबायचं आणि तेच ऐकत बसायचं. वर दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणायचं, "ताई, तुमच्याकडून नेला तेव्हापासून हा डबा काहीही बरळतोय."

दुसरी एखादी हसून सोडून देती. हिने ते मनाला लावून घेतलं.

"माझ्या हातून गेलेल्या रेडिओतून खरखर येता कामा नये," ती म्हणायची, "आणि खोटंही."

रेडिओवाल्यांनी काय बोलावं नि कसं बोलावं, याचे नियम सांभाळायला प्रसारण मानक समिती म्हणून एक समिती होती. बाईने तिच्याकडे दोन तक्रारी केल्या होत्या. पहिली, बातम्यांच्या मधोमध केसांच्या तेलाची जाहिरात बातमीसारखी वाचली, याबद्दल. ती एक दिवस उशिरा पोचली म्हणून फेटाळली. दुसरी वेळेत पोचली, पण दोन प्रती हव्या होत्या, हिने एकच जोडली होती. तीही फेटाळली. दुसऱ्या नकाराच्या पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की लागोपाठ तिसरी तक्रार फेटाळली गेल्यास तक्रारदाराचं नाव 'नाहक तक्रारदार' यादीत जाईल आणि पाच वर्षं त्याची एकही तक्रार घेतली जाणार नाही.

ते पत्र तिने दुकानात भिंतीवर चिकटवलं होतं. न्हावी येता-जाता ते वाचायचा आणि म्हणायचा, "कलमबाई, आता एक चूक झाली की पाच वर्षं मौनव्रत. गल्लीला सवय नाही हो शांततेची."

"तुमची कात्री चालवा," ती म्हणायची.

तिचा नवरा अगदी उलट्या पिंडाचा. शहराच्या कडेला पाणीपुरवठा केंद्र होतं, तिथे तो पंप चालवायचा. पंपाबरोबर आणखी एक काम त्याच्याकडे होतं. आवारात वारा खेळता ठेवणाऱ्या झडपांची एक पांढरी लाकडी पेटी होती, चार पायांवर उभी, आत तापमापक. सकाळी आठला आणि दुपारी दोनला तो वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. बावीस वर्षांत एक खाडा नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात दुपारी दीडला ताटावरून उठून गेला होता. बहीण अजून ते काढून दाखवते. हवामान खात्याने त्याला वीस वर्षांच्या 'अखंड नोंदी'साठी एक फलक दिला होता. तो बाहेरच्या खोलीत अशा जागी लावला होता की आलेल्या माणसाचं डोकं त्याला आपटायचंच, आणि मग तो वाचावाच लागायचा.

त्या गुरुवारी चार वाजता 'विज्ञान-वार्ता' लागली, तेव्हा बाई टेबलावर एका पंख्याचं पोट उघडून बसली होती. सासूबाई दाराशी खुर्चीवर. कार्यक्रमात रेडिओ केंद्राचा लाडका पाहुणा होता, हवामानाचार्य. ही पदवी केंद्रानेच दिलेली. गृहस्थांनी आयुष्यभर छत्र्यांचं दुकान चालवलं होतं. त्यातून आभाळाकडे बघायची सवय लागली, एवढीच त्यांची पात्रता. आवाज मात्र मधासारखा.

"श्रोतेहो," हवामानाचार्य म्हणाले, "जग तापतंय ते माणसाच्या धुरामुळे, हे साफ खोटं आहे. हा सगळा सूर्याचा खेळ. पुरावा देतो. तुमच्याच शहराच्या पाणीपुरवठा केंद्राची नोंद घ्या. बारा वर्षांपूर्वी या महिन्यात दुपारचं सरासरी तापमान चौतीस अंश होतं. आज बत्तीस. या बारा वर्षांत गाड्या तिप्पट झाल्या, कारखाने दुप्पट झाले. धुराने तापतं, तर मग हे शहर गार कसं झालं?"

"सिद्ध झालं म्हणायचं!" निवेदक म्हणाला, आणि गाणं लावलं.

"किती छान समजावून सांगतात," सासूबाई म्हणाल्या.

"छान?" बाईच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला. "गार झालं म्हणे! मागच्या महिन्यात घरात बसवत नाही म्हणून तुम्ही न्हाव्याच्या दुकानात तीन तास बसलात, त्याच्याकडे कूलर आहे म्हणून!"

"त्याच्याकडे मासिकं असतात," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तो हवेत चालत. "ऐकलंस का? माझी नोंद! रेडिओवर! परवा फोन आला होता त्यांचा, मीच आकडे दिले. वही आणून ओळ न् ओळ वाचून दाखवली."

"तुम्ही दिलेत?"

"मग कोण देणार? बावीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं गं."

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बाईने जिभेवर आलेलं गिळलं. असं तिच्या आयुष्यात फार थोड्या वेळा घडलं असेल. पण त्याच रात्री जेवण आटोपल्यावर तिने तक्रारीचा अर्ज काढला आणि दोन प्रतींत भरला. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पोच घेतली, आणि पोचेवरचा शिक्का पुसट आहे म्हणून दुसरा मारून घेतला.

तिचं म्हणणं सोपं होतं. नियमावलीप्रमाणे मत सांगायला सगळे मोकळे आहेत. पण एखादी गोष्ट खरी घडलेली म्हणून सांगायची, तर केंद्राने आधी ती तपासली पाहिजे. इथे निवेदक 'सिद्ध झालं' म्हणाला. कोणी तपासलं?

केंद्राचं उत्तर आठवड्याभरात आलं. गुळगुळीत कागद, गुळगुळीत भाषा. पाहुण्यांनी व्यक्त केलं ते मत होतं. आणि त्यातली आकडेवारी अधिकृत सरकारी नोंदवहीतली असल्याने ती अचूक होती. सबब तक्रार फेटाळावी. खाली समितीचा शेरा, सुनावणी चोवीस तारखेला.

बाईने पत्र दोनदा वाचलं. आकडे बरोबर असतील, तर तिसरी तक्रारही गेली. मग पाच वर्षं तोंडाला कुलूप. तिला आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. तिने दुकानाला कुलूप लावलं आणि बस पकडून पाणीपुरवठा केंद्रावर गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या कामाच्या जागी ती आजवर दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा विसरलेला चष्मा द्यायला, तोही फाटकापर्यंत.

नवऱ्याने मोठ्या अभिमानाने वह्या काढून दिल्या. तिने पानं उलटली. बिघाड कुठे सुरू झाला, हे शोधण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. तार कुठे तुटली हे तिला डोळ्यांआधी बोटांना कळायचं. सुरुवातीच्या वर्षांत आकडा हळूहळू वर सरकत होता. मग अकरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी तो धाडकन खाली आला, जवळजवळ तीन अंश. आणि तिथून पुन्हा हळूहळू वर. जिना चढता चढता कोणी मधेच खालच्या मजल्यावर उतरावं आणि तिथून परत चढायला लागावं, तसं.

"त्या मंगळवारी काय झालं होतं हो?"

"कुठल्या?"

तिने तारीख सांगितली. नवरा विचारात पडला. मग चेहरा उजळला. "अगं, तेव्हा नाही का माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं! त्यानंतर कामावर आलो तो दिवस. रजेत मदतनिसाकडून नोंदी करून घेतल्या, खाडा पडू दिला नाही."

"पेटी कुठे आहे?"

"ही काय, इथेच."

पेटी पाण्याच्या मोठ्या सिमेंटच्या टाकीखाली होती. टाकीला बारीक गळती होती. खाली जमीन ओली, हिरवं शेवाळं, वर गार सावली. भर दुपारी तिथे उभं राहिलं तर अंगावर काटा यावा. पेटीच्या पायांना मुंग्यासुद्धा नव्हत्या, बेडूक होते.

"आधी कुठे होती?"

"ती तिकडे." त्याने मैदानाच्या पार टोकाकडे बोट दाखवलं. "तीनशे पावलं. गुडघ्याने होईना. म्हणून मी आणि इथल्या गवंड्याने उचलून इकडे आणली. आणि नियमच आहे की, तापमान सावलीत मोजावं. मी नियम वाचला होता हं! तू एकटीच वाचतेस असं नाही."

बाईने वर टाकीकडे बघितलं, मग खाली शेवाळाकडे.

"अहो," ती म्हणाली, "तापमापकाला सावली पेटीचीच द्यायची असते. म्हणून तर तिला झडपा. पेटी उघड्यावरच ठेवायची. तुम्ही पेटीला सावलीत ठेवलीत, आणि वर आंघोळ घातलीत. अकरा वर्षं तुम्ही शहराचं तापमान मोजलं नाही. टाकीच्या पोटाखालचं मोजलं. बेडकांचं."

नवऱ्याने वही मिटली. त्याचं बोलणं बंद झालं ते घरी आल्यावरही बंदच. पहिल्या दिवशी तिला वाटलं, बरं झालं, शांतता. दुसऱ्या दिवशी त्याने फलक भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवला.

"तू हे सुनावणीत सांगणार," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"नाही सांगितलं तर मी हरले. पाच वर्षं."

"आणि सांगितलंस तर निवृत्तीला दोन वर्षं असताना सगळं शहर म्हणेल, हा तो बेडकांचा हवामानवाला." तो उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. हल्ली तो रोज अर्धा तास आधी निघायचा आणि उशिरा यायचा. संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळत बसायचा. बाईने विचारलं नाही, कुठे जाता. मानी बाई होती, आणि चूक कोणाची हे तिलाच नीट कळेनासं झालं होतं.

सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला. "माझा मुलगा लहानपणापासून असाच. सांगितलेलं काम कधी चुकवायचा नाही. कुठे करायचं, एवढंच विचारायचं राहून जायचं."

चोवीस तारखेला बाई सकाळी अकरा वाजता बस डेपोमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचली. लिफ्ट बंद होती, आणि लिफ्टवर 'लवकरच सुरू होईल' अशी चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी. समितीत तिघे होते. मधोमध निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला एक मुख्याध्यापिका, आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे डोळे मिटून विचार करत आणि मधेमधे घोरत. समोर केंद्राचा मॅनेजर, टाय लावून.

"मत आणि तथ्य यात फरक असतो," मॅनेजर म्हणाला. "आम्ही संतुलन राखतो. एका गुरुवारी धुरामुळे तापतं म्हणणारे येतात, दुसऱ्या गुरुवारी सूर्यामुळे तापतं म्हणणारे."

"साहेब," बाई उठली, "माझ्याकडे पंखा दुरुस्तीला आला, तर एक दिवस सरळ आणि एक दिवस उलटा फिरवून मी संतुलन राखलं म्हणत नाही. गिऱ्हाईक पंखा डोक्यात घालेल." मुख्याध्यापिकेने ओठ चावले. बाईने वाचनालयातल्या अहवालातली चार पानं पुढे केली. "सूर्याची उष्णता वर अवकाशात यंत्रं सोडून चाळीसहून जास्त वर्षं मोजताहेत. ती वाढलेली नाही. जग मात्र तापत गेलंय. कोळसा आणि तेल जाळल्याने तापतंय, हे हजारो ठिकाणच्या नोंदींवरून ठरलंय. हे मत नाही. आणि एका शहराच्या एका वहीवरून जगाचा निकाल लागत नाही."

"मान्य," न्यायाधीश म्हणाले. "पण त्या एका वहीबद्दलच बोलू. या शहरात दोन अंश उतरले, असं केंद्राने सांगितलं. वहीत तसं आहे. बाई, तुमचं म्हणणं काय? वही चुकीची आहे?"

बाईने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून शब्द आला नाही. डोळ्यांपुढे कपाटामागे उलटा ठेवलेला फलक आला.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "बघा. उत्तर नाही."

"बाई?" न्यायाधीश म्हणाले. "काही म्हणायचं नसेल तर समितीला..."

तेवढ्यात दार उघडलं. नवरा दारात उभा. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात वही, आणि तोंडातून श्वास येतोय तो इंजिनासारखा. तीन मजले तो त्याच गुडघ्यावर चढून आला होता.

"लिफ्ट..." तो म्हणाला.

"बंद आहे," तिघेही एकदम म्हणाले. डोळे मिटून बसलेले गृहस्थसुद्धा.

"कळलं मला." तो आत आला आणि वही टेबलावर ठेवली. "मी पंप चालवतो. नोंद मी घेतो. ही बाई माझी बायको, पण तिने मला बोलावलेलं नाही. हल्ली आम्ही बोलतच नाही." त्याने पान उघडलं. "अकरा वर्षांपूर्वी गुडघ्यापायी मी पेटी टाकीखाली आणली. ते चूक आहे, असं हिने मला सांगितलं. मी म्हटलं, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा मोजून बघू. वाचनालयातून नियम आणून वाचला. जुन्या जागी तशीच दुसरी पेटी ठेवली. गवंड्याने करून दिली. नऊ दिवस, दोन्हीकडे, आठला आणि दोनला. टाकीखाली बत्तीस, मैदानात पस्तीस. टाकीखाली साडेबत्तीस, मैदानात साडेपस्तीस. रोज तीन अंशांच्या आसपास. सगळं लिहिलंय." तो थांबला. "खाडा एकही नाही. हे लिहून घ्या."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तो कुरकुरत होता, आणि कलमबाईला त्याही परिस्थितीत कळलं की त्याला तेल हवंय.

"म्हणजे," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "शहर गार झालंच नाही. पेटी गार झाली."

"हा नऊ दिवसांचा हिशेब म्हणजे विज्ञान झालं का?" मॅनेजर उसळला.

"नाही झालं," बाईला आता आवाज फुटला होता, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून डेपोपर्यंत जाण्याइतका होता. "पण पेटी कुठे आहे, एवढा एक प्रश्न तुम्ही फोनवर विचारला असता, तर 'सिद्ध झालं' म्हणायची वेळ आली नसती. वही वाचून दाखवणारा माणूस तुमच्याशी बोलत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. बावीस वर्षं कोणी विचारलं नाही!"

शेवटचं वाक्य तक्रारीत नव्हतं. नवऱ्याने वहीवरून मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

निकाल तिथल्या तिथे लागला. तक्रार मान्य. केंद्राने त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, त्याच निवेदकाच्या तोंडून दुरुस्ती वाचायची. निकालपत्रात एक ओळ न्यायाधीशांनी स्वतः सांगून घातली. 'पेटीच्या जागेतील बदल नोंद घेणाऱ्याने स्वतःहून समितीसमोर आणला.' जिना उतरताना नवरा कठड्याला आणि बाईला धरून उतरला. दोन मजले उतरून झाले. मग बाई म्हणाली, "सकाळी लवकर जात होतात ते यासाठी?"

"तीनशे पावलं जायची, तीनशे यायची. वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातलं एक स्टूल नेऊन मैदानाच्या अगदी मध्यावर ठेवलं. दीडशे पावलांवर, मोजून. खात्याने पेटी जुन्या जागी नेली, नवऱ्याला दम दिला आणि नवीन वही दिली. फलक भिंतीवर परत गेला. सासूबाईंचं डोकं त्याला आपटलं, तेव्हा घर पूर्वपदावर आलं असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता दुकानात मिळून सात रेडिओ लावले होते. न्हावी गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर सोडून आला होता. नवरा सुट्टी घेऊन आला होता, म्हणजे दुपारी दोनची नोंद करून.

चार वाजून सात मिनिटांनी निवेदकाने घसा साफ केला. "प्रसारण मानक समितीच्या आदेशानुसार," सातही रेडिओ म्हणाले, "अमुक तारखेच्या कार्यक्रमात आपल्या शहराचं तापमान उतरल्याचा आणि त्यावरून तापमानवाढीला मानव जबाबदार नसल्याचा दावा करण्यात आला होता. तो चुकीचा होता. पाणीपुरवठा केंद्रातील कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे ही आकडेवारी..."

"काय?" नवरा उठला. गुडघा विसरून उठला. "हलगर्जीपणा? माझा? बावीस वर्षांत खाडा नाही! पेटी चुकली असेल, माणूस नाही चुकला! निकालपत्रात हा शब्द आहे का गं?"

बाईने निकालपत्र काढलं, चष्मा लावला, शेवटचं पान आधी वाचलं, मग पहिलं. "नाही. 'जागेतील बदल' आहे. आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते त्यांनी वाचलंच नाही."

"म्हणजे हे दुरुस्ती वाचतानाही खोटं बोलले!"

"बोलले."

"मग आता?"

बाईने खण उघडला, दोन कोरे अर्ज काढले आणि मधे कार्बन घालून त्याच्यापुढे सरकवले. "तक्रार तुमची आहे, तुम्हीच लिहा. वीस दिवसांची मुदत असते. दोन प्रती. वेळ नेमकी लिहा."

"घरात एक पुरे होती," न्हावी कपाळाला हात लावून म्हणाला आणि दाढीकडे परत गेला.

नवऱ्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. अर्जाच्या पहिल्या ओळीवर लिहिलं, गुरुवार, दुपारी चार वाजून सात मिनिटं. थोडा थांबला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने पुढे लिहिलं, तापमान एकतीस अंश.

बाईने वाकून वाचलं. "हे कुठे मोजलंत?"

"इथेच. तुझ्या त्या तापमापकावर."

"तो पंख्याखाली टांगलाय. आणि मघाशी मी त्याच्यावर ओला फडका वाळत घातला होता."

नवऱ्याने निमूटपणे एकतीस खोडलं, टोपी घातली आणि उन्हात कुठे मोकळी जागा सापडते ते बघायला बाहेर पडला.